आडवा हात

गाडी थांबत नाही आता आमच्या स्टेशनात.
रूळ उचलून नेले, सिग्नलचा खांब तेवढा राहिला,
गंजलेला, हात आडवा करून.
त्याच्याखाली मी सात पिल्लं वाढवली
व्हिज्लाची, भाजलेल्या पावाच्या रंगाची.

आठ आठवड्यांची झाली तेव्हा काढली
मासे धरायची जुनी काठी, दोरी,
दोरीच्या टोकाला तित्तिराचा पंख.
एवढंच सामान.
गवतावर पंख उतरवला की सातही धावत,
एकमेकांच्या कानांवर पाय देत, तोंडघशी पडत.
पंख उचलायचा. मिळू द्यायचा नाही.
झेप घेऊन काही लागत नाही हाती
हे दोन-चार वेळा कळलं
की मग घडतं.

एक पिल्लू थबकतं.
पुढचा पाय अर्धा उचललेला, खाली ठेवायचा राहून गेलेला,
शेपूट ताठ,
पोटाची कातडी तेवढी थरथरते.
आईनं नाही शिकवलं, ती तिकीटखिडकीखाली झोपली होती.
मी तर नाहीच नाही.
अजून फलाटाची पायरी उतरता येत नाही याला
आणि हे येतं.

"पुरे," म्हणाला देझो, काठी काढून घेत माझ्या हातून.
चाळीस वर्षं त्यानं कुत्र्यांवर घालवली,
दोन बायका त्यापायी गेल्या सोडून.
"हे डोळ्यांचं थांबणं. पोरखेळ.
रोज पंख नाचवलास तर जन्मभर डोळ्यांनीच शोधतील.
नाक जागं होऊ दे.
तोवर रानात सोड, लांब दोरी बांध,
ओरडू नकोस, आणि पडलं तर उचलू नकोस."

मी काठी माळ्यावर टाकली.

सहा पिल्लं गेली: दोन देब्रेत्सेनला, तीन ग्राझला,
एक तर पार फिनलंडात.
उरली झेम्ले, उजव्या कानाला खाच असलेली.
पंखापुढे तिनं एकदाही पाय उचलला नव्हता.
फुलपाखरं, कोंबड्या, माझी टोपी,
सगळ्यांमागे नुसती पळायची.
गिऱ्हाइकं बघत आणि म्हणत, हिच्यात नाही ते.

ऑक्टोबरात, थंडी उतरण्याआधी,
बोरिश्काची दुलई मी कुंपणावर उन्हात टाकली.
चार वर्षं पेटीत होती.
आत तिच्याच हंसांची पिसं,
हिवाळ्यामागून हिवाळे वेचून भरलेली.
वारा पूर्वेचा. झेम्ले आली कोपऱ्यावरून, भरधाव,
आणि कुणी हवेत दार लावून घ्यावं
तशी थांबली.
नाकपुड्या. फक्त नाकपुड्या हलत होत्या.
पाय उचललेला, पाठ आडवी,
शेपटीपासून नाकापर्यंत एकच रेघ
आणि रेघेच्या टोकाला दुलई.

हसू आलं मला. मग गेलं.

देझो सांगतो, चांगलं कुत्रं
दुसऱ्याला थांबलेलं पाहून थांबतं,
स्वतःला वास आला नसला तरी.
त्याच्या शब्दावर.
एकतीस वर्षं मी त्या खांबाचा दांडा ओढला,
या हातापुढे मालगाड्या उभ्या राहिल्या
ड्रायव्हरला पुढे काय आहे ते दिसत नसताना.
मला कशाचाच वास येत नव्हता,
फार तर डांबराच्या गोळ्यांचा.
तरी उभा राहिलो,
मुठीत कपड्यांचे चिमटे, तिच्यामागे चार पावलं.
किती वेळ, ते नाही सांगता यायचं.

दुसऱ्या दिवशी मक्याच्या खुंटांत खरे तित्तिर. अकरा.
ती थांबली मोजून तीन श्वास,
मग भर्रकन थवा उठला, दोरी सटकली हातातून,
दोन शेतं, एक कालवा,
आणि कुत्री दिसेनाशी.

देझोला फोन केला.
"तीन?" तो म्हणाला. "तीन पुष्कळ झाले.
आता चिखल पुसायला फडकं घे,
आणि बस दारात."